हंगामाचा आणि हंगामी

कार्लोस पेन्या हे नाव मराठी वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानावरून गेले असेल. स्पेनमधील सालामांका शहरात १९८३ साली जन्मलेला हा बचावपटू वयाच्या पस्तिशीत गोव्यात खेळायला आला, दोन हंगाम खेळला, मग त्याने खेळणे थांबवले आणि २०२२ मध्ये त्याच एफसी गोवा क्लबचा मुख्य प्रशिक्षक होऊन परत आला. पुढच्याच वर्षी त्याच्या जागी दुसरा आला. एवढीच ही हकीकत. तिच्यात जगज्जेतेपद नाही, कोणता विक्रमही नाही. तरीही मी तिच्यामागे लागलो, कारण ती नीट उलगडली तर दोन प्रश्न हाती येतात. खेळणारा माणूस शिकवणारा कसा होतो? आणि तसे होण्याची संधी कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही?

मी मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळला राहतो. फुटबॉल मी कधी खेळलेलो नाही, आणि कोणत्याही विद्यापीठाशी माझा संबंध नाही. गेली काही वर्षे गोव्यातील फुटबॉलचे निकाल, गुणतक्ते आणि प्रशिक्षकांच्या नेमणुका मी वहीत उतरवत आलो आहे. इथून फातोर्डाचे मैदान दूर. पण दूर असल्याचा एक फायदा असतो. सामन्याच्या दिवशीचा गोंगाट इथवर येत नाही, नोंदी तेवढ्या येतात. आणि नोंदी ओळीने लावल्या की मैदानावर जे दिसत नाही ते कधी कधी कागदावर दिसते.

सालामांका ते मडगाव

पेन्या बार्सिलोनाच्या तालमीत वाढला आणि तिथल्या दुय्यम, म्हणजे ‘ब’ संघातून खेळला. आपल्याकडे बार्सिलोना म्हटले की मेस्सी आठवतो. पण त्या तालमीतून बाहेर पडणाऱ्या बहुतेक मुलांच्या वाट्याला बार्सिलोनाचा मुख्य संघ येत नाही. ती पुढे देशभरच्या लहानमोठ्या क्लबांत पांगतात आणि एकामागून एक करार करत पंधरा-वीस वर्षे पोटापाण्याचा खेळ खेळतात. पेन्याचे तसेच झाले. आल्बासेते, वायादोलिद, ओव्हिएदो, हेताफे आणि लोर्का असा त्याचा प्रवास. (हे लोर्का म्हणजे मुर्सिया प्रांतातले गाव, साहित्यप्रेमी वाचकाला आठवेल तो कवी नव्हे.) वायादोलिदकडून तो स्पेनच्या पहिल्या श्रेणीत खेळला. लोर्काचा क्लब २०१८ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून खाली घसरला आणि त्याच उन्हाळ्यात पेन्या गोव्यात दाखल झाला.

गोव्यातच का, याचे उत्तर इतिहासात शोधण्याचा मोह होतो. गोव्यावर साडेचार शतके सत्ता होती ती पोर्तुगालची, स्पेनची नव्हे. फुटबॉल तर गोव्यात एका ब्रिटिश पाद्रीने आणला असे मानले जाते. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी १८८३ मध्ये शिवोली गावी. एफसी गोवा हा क्लब २०१४ मध्ये निघाला तेव्हा त्याचा पहिला प्रशिक्षक ब्राझीलचा झिको होता. स्पॅनिश माणसे आली ती त्यानंतर, आणि निव्वळ धंद्याच्या वाटेने. २०१७ मध्ये क्लबने सेर्जिओ लोबेरा यांना नेमले. लोबेरा बार्सिलोनाच्या प्रशिक्षकवर्गात काम केलेले. चेंडू स्वतःकडे ठेवायचा, मागच्या फळीपासून पासांनी खेळ बांधत न्यायचा, ही तिथली शिस्त त्यांनी गोव्यात आणली. ती राबवायची तर तिची आधीपासून सवय असलेले खेळाडू हवेत. म्हणून फेरान कोरोमिनास आला, एदू बेदिया आला आणि पाठोपाठ पेन्या.

या खेळात बचावपटूचे काम बदलते. एरवी बचावपटूने चेंडू दूर भिरकावला की त्याची जबाबदारी संपते. लोबेरा यांच्या संघात बचावपटू हा हल्ल्याचा पहिला माणूस. प्रतिस्पर्धी अंगावर धावून येत असताना चेंडू पायाशी धरून समोरच्या कोणाला मोकळी जागा आहे हे त्याला हेरावे लागते. सगळे मैदान त्याच्या पुढ्यात असते. सहकाऱ्यांच्या पाठी त्याला दिसतात, चुकाही दिसतात. पुढे प्रशिक्षक होणाऱ्या माणसाला ही जागा शाळेसारखी असते असे मला वाटते.

पेन्याच्या त्या दोन हंगामांत गोव्याने बरेच मिळवले आणि थोडक्यात गमावलेही. मार्च २०१९ मध्ये इंडियन सुपर लीगची, म्हणजे आयएसएलची अंतिम लढत मुंबईत अंधेरीला झाली. जादा वेळेत, ११७व्या मिनिटाला बेंगळुरूच्या राहुल भेकेने, म्हणजे मुंबईच्याच मुलाने, गोल केला आणि गोवा ०-१ असा हरला. महिनाभरातच भुवनेश्वरला चेन्नईयिनला २-१ ने हरवून गोव्याने सुपर कप जिंकला. पुढच्या हंगामात साखळीतील १८ सामन्यांत ४६ गोल करून ३९ गुणांसह गोवा पहिला आला, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जागा मिळवणारा पहिला भारतीय क्लब ठरला. २०२० मध्ये पेन्या खेळाडू म्हणून गोव्यातून गेला तो हे सगळे गाठीशी बांधून.

दोन वेगळ्या विद्या

खेळता येणे आणि खेळवता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. गाण्याच्या मैफलीत ज्याने रंग भरला तो गुरू म्हणूनही मोठा असेलच असे नाही, हे आपल्याला ठाऊक असते. क्रिकेटमधले आपले उदाहरण तर घरचेच आहे. रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. पण शिवाजी पार्कवर त्यांनी घडवलेल्या मुलांनी भारताची फलंदाजी पेलली. खेळाडूचे ज्ञान त्याच्या अंगात असते. पाय आपोआप योग्य जागी जातो. का गेला हे त्याला सांगता येईलच असे नाही. प्रशिक्षकाला मात्र ते सांगावे लागते, तेही दुसऱ्या भाषेत, वीस-पंचवीस वेगवेगळ्या स्वभावांच्या माणसांना.

मुख्य प्रशिक्षकाचे काम मैदानावरच्या नव्वद मिनिटांत दिसते, पण होते ते आठवडाभर. झालेला सामना चित्रफितीवर पुन्हा पाहायचा, पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या सवयी हेरायच्या, कोणाला किती पळवायचे आणि कोणाला विश्रांती द्यायची ते शरीरशास्त्राच्या जाणकारांबरोबर ठरवायचे. अकरा जणांना खेळवायचे म्हणजे उरलेल्यांना बसवायचे, आणि बसलेल्याचे मन राखायचे. इंग्लंडमध्ये या माणसाला ‘मॅनेजर’ म्हणतात, कारण तिथे खेळाडूंची खरेदी-विक्रीही परंपरेने त्याच्याच हाती असे. आपल्याकडे ‘मॅनेजर’ म्हणजे संघाची तिकिटे, हॉटेल आणि कागदपत्रे सांभाळणारा; म्हणून मी ‘मुख्य प्रशिक्षक’ हाच शब्द वापरतो.

या विद्येसाठी युरोपात पायऱ्यांनी परवाने आहेत आणि सर्वांत वरचा परवाना ‘प्रो’. आशियाई महासंघाच्याही तशाच पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला वर्ग, परीक्षा आणि प्रत्यक्ष संघाबरोबरचे काम असते. स्पेनमध्ये खेळाडू तिशी ओलांडतो तेव्हाच पुढची सोय म्हणून या पायऱ्या चढू लागतो, आणि काम शिकायला त्याला लहान मुलांचे संघ, ‘ब’ संघ, खालच्या श्रेणीतले क्लब अशी लांबलचक उतरंड उपलब्ध असते. स्पॅनिश प्रशिक्षक जगभर दिसतात त्याचे कारण तिथल्या मातीत नाही. या उतरंडीत आहे. शिकलेली माणसे तिथे जागांपेक्षा जास्त होतात आणि उरलेली परदेशी जातात.

सत्तावीस गुण

एप्रिल २०२२ मध्ये एफसी गोवाने पेन्याची नेमणूक जाहीर केली तेव्हा त्याने खेळणे थांबवून जेमतेम दोन वर्षे झाली होती. क्लब नुकताच नववा आला होता. करोनामुळे आधीचे दोन हंगाम सगळी आयएसएल गोव्यातच, पण जवळपास सगळी रिकाम्या मैदानांवर झाली होती. आता प्रेक्षक परत येणार होते आणि त्यांच्या ओळखीचा, त्यांनी ज्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या तो माणूस संघाच्या बाकावर बसणार होता. नेमणुकीमागचा विचार समजण्यासारखा आहे. लोबेरा यांच्या काळातला खेळ परत हवा होता, आणि तो आतून पाहिलेला माणूस हाताशी होता.

सुरुवात छान झाली. १२ ऑक्टोबर २०२२ ला कोलकात्यात ईस्ट बंगालविरुद्ध भरपाई वेळेत एदू बेदियाच्या फ्री किकवर गोव्याने २-१ असा विजय मिळवला. पेन्याचा जुना सहकारी आता त्याच्या हाताखाली खेळत होता. कालपर्यंत ज्याच्या शेजारी बसून कपडे बदलले त्यालाच उद्या बाहेर बसवायची वेळ येऊ शकते. खेळाडूचा प्रशिक्षक होताना हाच उंबरठा ओलांडणे सर्वांत अवघड जात असावे.

हंगामात ११ क्लब होते. प्रत्येकाचे २० सामने, आणि पहिले सहा बाद फेरीत. फेब्रुवारीत गोवा त्या सहांत बसेल असे वाटत होते. मग ११ फेब्रुवारी २०२३ ला फातोर्डावर मुंबई सिटीने ५-३ असे हरवले आणि तिथेच साखळीतील अव्वल स्थान पक्के केले. पाच दिवसांनी चेन्नईयिनने १-२ असे नमवले. शेवटचा सामना बेंगळुरूत होता. तो जिंकला असता तर गोव्याचे ३० गुण झाले असते, सहाव्या आलेल्या ओडिशाइतके. गोवा १-३ असा हरला. आठ विजय, तीन बरोबरी, नऊ पराभव : २७ गुण, सातवे स्थान.

त्याच १८ मार्चला अंतिम सामना फातोर्डावरच झाला. यजमान गोवा त्यात नव्हता. एटीके मोहन बागानने करंडक उचलला आणि त्यांचे प्रशिक्षक होते हुआन फेरान्दो, जे डिसेंबर २०२१ मध्ये गोव्याचा संघ अर्ध्या हंगामात सोडून कोलकात्याला गेले होते. दोन वर्षांपूर्वी याच मैदानावर लोबेरा यांनी मुंबई सिटीला करंडक मिळवून दिला होता. त्यांना गोव्याने जानेवारी २०२० मध्ये, संघ गुणतक्त्यात वर असताना दूर केले होते. गोव्याला जे हवे होते ते गोव्याच्याच मैदानावर, गोव्याच्याच माजी प्रशिक्षकांनी इतरांना मिळवून दिले.

२०२३ च्या उन्हाळ्यात पेन्याच्या जागी मानोलो मार्केझ आले. लोबेरा, फेरान्दो आणि मार्केझ या तिघांपैकी कोणीही खेळाडू म्हणून गाजलेला नव्हता. चौघांत खेळाडू म्हणून सर्वांत वरच्या पायरीवर पोहोचला तो पेन्या. आणि प्रशिक्षक म्हणून गोव्यात हाती कमी लागले तेही त्याच्याच. एका उदाहरणाने नियम होत नाही. पण ‘मोठा खेळलेला माणूसच खेळवू शकतो’ हा आपल्याकडचा समज तपासून पाहायला एवढे पुरेसे आहे.

मधल्या फटी

माझ्या वहीतले एक पान या लेखाचे मूळ आहे. त्यावर एफसी गोवाच्या प्रशिक्षकांची नावे ओळीने लिहिली आहेत : लोबेरा, फेरान्दो, पेन्या, मार्केझ. सलग चार स्पॅनिश. पण तारखा मांडल्या की लोबेरा व फेरान्दो यांच्यामध्ये, आणि फेरान्दो व पेन्या यांच्यामध्ये फटी दिसतात. त्या फटींत दोन गोमंतकीय नावे आहेत.

पहिले क्लिफर्ड मिरांडा. धेंपो क्लबचे आणि भारताचे माजी खेळाडू. लोबेरा गेल्यावर साखळीतले तीन सामने उरले होते. क्लिफर्ड यांच्या हाताखाली गोव्याने हैदराबादला ४-१, मुंबई सिटीला ५-२ आणि जमशेदपूरला ५-० असे हरवले. आशियाई स्पर्धेचे दार उघडले ते या तीन सामन्यांतल्या १४ गोलांनी. पुढच्या हंगामासाठी क्लबने फेरान्दो यांना नेमले. दुसरे डेरिक परेरा. साळगावकरचे व भारताचे माजी खेळाडू. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून देणारे प्रशिक्षक. फेरान्दो मध्येच निघून गेल्यावर बिघडलेला हंगाम त्यांनी सांभाळला. त्यानंतर पेन्या आला.

वर्तमानपत्रांनी या दोघांना एकच विशेषण लावले : ‘हंगामी प्रशिक्षक’. मराठीत हा शब्द मोठा विचित्र आहे. हंगाम म्हणजे ऋतू, मोसम. त्या न्यायाने हंगामी म्हणजे हंगामभर असणारा. पण कचेरीत ‘हंगामी’ म्हणजे तात्पुरता, खरा माणूस येईपर्यंत खुर्ची सांभाळणारा. पेन्या हंगामाचा माणूस होता : पूर्वतयारीपासून शेवटच्या सामन्यापर्यंत एक आख्खा हंगाम त्याच्या नावावर लागला. क्लिफर्ड आणि डेरिक हंगामी राहिले.

आमच्या मोखाडा-जव्हार पट्ट्यात हंगामाचा अर्थ वेगळ्याच रीतीने कळतो. दिवाळी सरली की इथली कितीतरी कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. त्याला इथे ‘जगायला जाणे’ म्हणतात. आधी घेतलेली उचल फिटली की नाही याचा हिशोब हंगामाच्या शेवटी होतो. लाखोंचा करार करणारा फुटबॉल प्रशिक्षक आणि उचलीपायी भट्टीवर राबणारा मजूर यांची तुलना करणे म्हणजे मजुराची थट्टा होईल. ती मला करायची नाही. पण एका बाबतीत इथले शहाणपण उपयोगी पडते. भट्टीवरच्या माणसाचे काम जोखायचे तर आख्खा हंगाम बघावा लागतो. चार दिवसांच्या विटांवरून कोणी कारागीर ठरवत नाही. पेन्याचे मूल्यमापन २० सामन्यांवर झाले. ते कठोर असेल, पण पुरते होते. हंगामी माणसाला ते मूल्यमापनही मिळत नाही. जिंकला तर लाट होती, हरला तर संघच मोडका होता. त्याला यशही लागत नाही आणि अपयशही. आणि ज्याचे अपयशसुद्धा नोंदले जात नाही, तो शिकणार कशावर?

यावर एक रास्त आक्षेप आहे. क्लब म्हणजे शाळा नव्हे; पैसे घालणारा माणूस उत्तम प्रशिक्षक आणणारच. मान्य. पण पेन्याच्या बाबतीत क्लबने नेमके काय केले ते पाहावे. नुकताच खेळणे थांबवलेल्या, शिकाऊ प्रशिक्षकावर विश्वास टाकला आणि त्याला पूर्ण हंगाम दिला. त्यात काहीच गैर नाही. पुढे तो थायलंडमध्ये राचबुरीचा आणि २०२४-२५ च्या हंगामात इंडोनेशियात पर्सिजा जकार्ताचा प्रशिक्षक झाला. म्हणजे गोव्यातले ते वर्ष त्याच्या कारकिर्दीची पायरी ठरले. स्पॅनिश शिकाऊ माणसाला जी पायरी गोव्यात मिळाली, ती गोव्याच्या माणसाला गोव्यात का मिळू नये, एवढाच प्रश्न आहे.

पूर्वी ती मिळत असे. आर्मांदो कुलासो यांनी धेंपोला पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग या क्लबांत खेळलेली माणसे तिथेच हळूहळू प्रशिक्षक होत. २०१६ मध्ये भारतीय फुटबॉलच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ हे तिन्ही क्लब राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. त्या निर्णयाची चर्चा बहुधा खेळाडूंच्या अंगाने होते. माझ्या मते अधिक खोल नुकसान प्रशिक्षकांचे झाले. स्पेनमध्ये जी उतरंड असल्याचे वर सांगितले, तिचा गोव्यातला मधला थर एकदम नाहीसा झाला. वर एक क्लब, खाली गावोगावचे संघ, मध्ये पोकळी. धेंपोने अलीकडे वाट शोधत २०२४-२५ मध्ये पुन्हा आय-लीग गाठली, आणि तेव्हा त्यांचे प्रशिक्षक होते त्यांचेच जुने बचावपटू समीर नाईक. थर परत आला की माणूस कसा तयार होतो याचे हे ताजे उदाहरण.

बाहेरही हीच गोष्ट दिसते. क्लिफर्ड यांनी एप्रिल २०२३ मध्ये ओडिशाला सुपर कप जिंकून दिला, तोही हंगामी म्हणूनच; पुढच्या हंगामासाठी ओडिशाने नेमले लोबेरा यांना. उलट मुंबईच्या खालिद जमील यांना नॉर्थईस्ट युनायटेडने आधी हंगामी ठेवले आणि २०२१ मध्ये कायम केले. आयएसएलमधले ते पहिले पूर्णवेळ भारतीय मुख्य प्रशिक्षक. मे २०२५ मध्ये सुपर कपच्या अंतिम लढतीत मार्केझ यांच्या गोव्याने जमील यांच्या जमशेदपूरला ३-० असे सहज हरवले. तीनच महिन्यांनी, मार्केझ यांनी सोडलेल्या भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदावर जमील यांची नेमणूक झाली. सावियो मदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी त्या खुर्चीवर भारतीय माणूस बसला. ०-३ हा पराभव त्याच्या आड आला नाही, कारण जमील यांच्या नावावर तोवर पुरते हंगाम होते : ऐजॉलचे विजेतेपद होते, पडझडही होती. लोकांना तोलायला काहीतरी होते.

पेन्या गोव्याला काय देऊन गेला असे कोणी विचारले तर मी करंडकाकडे बोट दाखवणार नाही. खेळाडू म्हणून सुपर कपात त्याचा वाटा होता, प्रशिक्षक म्हणून २७ गुण. पण त्या २७ गुणांत एक उपयोगी पुरावा आहे. नवख्या प्रशिक्षकाला आख्खा हंगाम दिला, तो सातवा आला, तरी क्लब बुडाला नाही. दोनच वर्षांनी तो साखळीत दुसरा आला आणि सुपर कपही जिंकला. म्हणजे जोखीम परवडते. आता ती एकदा मडगाव, म्हापसा किंवा वास्कोच्या माणसावर घ्यावी, आणि नेमणुकीच्या कागदावर ‘हंगामी’ हा शब्द लिहू नये.